नवव्या ओळीचं शेवटचं पेर

तिचा अंगठा करंगळीच्या मधल्या पेरावर आला आणि ओळ संपली. टेबलाखाली हात लपवून तिने पुन्हा मोजलं. अकरा.

समोरच्या कागदावर एक फ्रेंच सुनीत, म्हणजे सॉनेट, होतं. चार, चार, तीन, तीन अशा चौदा ओळी. यमकं तिने धडाधड सांगून टाकली होती. राहिला छंद. ओळीत बारा अक्षरं, सहाव्यावर यती. चार बोटांची तीन-तीन पेरं, दोन बोटं झाली की क्षणभर थांबायचं, ही युक्ती तिला सरांनीच शिकवलेली. तेच सर आता परीक्षक म्हणून समोर बसले होते आणि त्यांच्या शेजारी बाहेरून आलेले दुसरे परीक्षक. तोंडी परीक्षेची ही तिची तिसरी आणि शेवटची खेप. या वेळी नापास झाली तर शाळेतली नोकरी हातची जाणार होती.

"नववी ओळ?" बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं.

"अकरा अक्षरं आहेत."

"अकरा?" त्यांनी पेन्सिल उचलली आणि सरांकडे पाहिलं.

सरांनी डोळे मिटून ओळ म्हटली, अगदी संथपणे. अंगठा पेरापेरावरून सरकत करंगळीच्या टोकाला पोहोचला. बारा भरली. त्यांनी म्हटलेला एक इवलासा शब्द कागदावर नव्हताच.

तिला हायसं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी धस्स झालं. कागद सरांनी स्वतः टाइप केला होता. वर्षभर फळ्यावर लिहितानाही त्यांचे शब्द गळत होते, आणि त्यांना घरी बसवायला विभागातले लोक निमित्तच शोधत होते.

"बाराच," ती म्हणाली. "माझं एक पेर सुटलं."

"मग छंदाचे गुण गेले." पेन्सिल गुणपत्रिकेवर चालली.

ती उठली. कागद तिच्या हातातच होता.

"तो कागद दे इकडे," सर म्हणाले.

त्यांनी कागद अगदी नाकापाशी धरला. अंगठा पुन्हा फिरला आणि करंगळीच्या मधल्या पेरावर थांबला. बराच वेळ तिथेच राहिला.

"हिचं अकराच बरोबर आहे," ते शेजारी वळून म्हणाले. "शब्द मी खाल्लाय. तसं लिहा, मी सही करतो."

मग चष्मा काढून पुसत त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"आणि तू गं? खोटं मोजायला कुणी शिकवलं तुला?"