डावरा शिहाब

गुरुवारी माझं घरात लक्ष नसायचं. त्या दिवशी आमच्या सैदा शहराच्या बंदराजवळच्या टपरीवर 'शिहाब'चा नवा अंक यायचा. "सोळा वर्षांची घोडी झालीस, अजून चित्रांची पुस्तकं!" असं नझीरा आत्या म्हणायची, आणि मी परत येईपर्यंत खिडकीत उभी राहायची.

शिहाब उडतो, पोलादी दारं मोडतो, ते ठीकच. मला त्याच्या गावाचंच जास्त कौतुक. तिथली घड्याळं उलटी फिरतात. पुरुषांच्या कोटांना बायकांच्या बाजूची बटणं. डॉक्टर शिहाबचं हृदय तपासतात ते उजवीकडे. म्हणूनच एकाही दुष्टाचा नेम लागत नाही, असा माझा सिद्धांत होता. आणि तिथे जो तो डावरा. चोर डावरे, पोलीस डावरे, शिहाब तर डाव्या हाताने आगगाडी थांबवायचा.

मीही डावरी. आई गेल्यावर मला आत्यानेच वाढवलं. लोक नावं ठेवतील म्हणून लहानपणी जेवताना ती माझा डावा हात ओढणीने पाठीशी बांधायची. पण हात काही सुधारला नाही. भात-खिमा भरायला कोवळे कूसे, म्हणजे काकडीएवढे छोटे भोपळे, आतून पोखरायचे, तर उजव्या हाताने मी निम्मे फोडायचे. शेवटी एकदा वैतागून मी तिच्यापुढे शिहाबचा अंक धरला. आत्याला वाचता येत नव्हतं, पण चित्रं तिने नीट पाहिली.

"मुलगा चांगल्या वळणाचा आहे?"

"जळती शाळा वाचवली त्याने."

"नमाज पढतो का?"

"ते दाखवत नाहीत, आत्या."

"हं. मग स्वयंपाकघरात चालेल डावा हात. जेवायचं मात्र उजव्यानेच."

तेव्हापासून माझा एकही कूसा फुटला नाही. मला हायसं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग ईदला आत्याचा मुलगा गस्सान अमेरिकेहून आला. येताना माझ्यासाठी शिहाबचा तिकडचा मूळ इंग्रजी अंक घेऊन आला आणि दोन्ही अंक स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडून खो खो हसत सुटला.

"अगं वेडे, आपण अरबी उजवीकडून वाचतो, म्हणून इथले छापणारे चित्रंच आरशातल्यासारखी उलटी करतात. तुझा शिहाब उजव्या हाताचा आहे."

मला रडूच येणार होतं. कोणी सांगायच्या आत मी कूसे पोखरायची सुरी उजव्या हातात घेतली. पहिलाच कूसा फुटला.

आत्याने हात पुसले. दोन्ही शिहाब शेजारी शेजारी ठेवून ती बराच वेळ बघत राहिली.

"तिकडे उजव्या हाताने मारतो, आणि आपल्याकडे आला की डाव्या?"

"छपाईमुळे, आई."

"तू गप्प बस. तिकडे हात बांधला असेल त्याचा कोणीतरी. इथे आला तेव्हा सुटला." ती माझ्याकडे बघत नव्हती. "लहान होतं पोर. बांधणारीला लोकांची भीती वाटली असेल."

मग तिने माझ्या उजव्या हातातली सुरी काढून डाव्या हातात दिली. "आटप आता. पातेलंभर पडलेत अजून."

दुपारी जेवायला सगळा गोतावळा जमला होता. आत्याने सगळ्यांची पानं मांडली आणि माझा चमचा ताटाच्या डावीकडे ठेवला.