पाळण्याखालची बाकदार पट्टी

मी बाभळीची पट्टी बोलतेय. जरा लांबूनच ऐका. माणसांच्या हातावर माझा आता फारसा भरवसा नाही.

मुरुडच्या बाजारात चंद्रप्पा सुताराचं दुकान आहे. तुळजाबाईंनी आपल्या लेकीच्या, गीतांजलीच्या, बाळासाठी त्याला मोबाइलवरचं चित्र दाखवून जमिनीवर डुलणारा पाळणा सांगितला. त्याच्या खाली दोन बाकदार पट्ट्या लागतात. त्यातली एक मी.

"वाफ दिली की लाकूड लोण्यावानी वाकतंय," असं चंद्रप्पा म्हणाला, तेव्हाच मला शंका आली. लोण्याला रेषा नसतात, मला होत्या.

पत्र्याच्या लांब पेटीत त्यानं मला तासभर वाफ दिली. बाहेर काढल्याबरोबर साच्यावर दाबलं आणि शिकंजे आवळले. मी वाकले. पण शेवटच्या आवळणीला माझ्या पोटात बारीक 'कट्' झालं. चंद्रप्पाचा हात थांबला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि पुन्हा आवळू लागला. त्यानं ऐकलं की नाही? आठ दिवस साच्यात मी एवढाच विचार केला. वरून चीर दिसत नव्हती.

बारशाच्या आदल्या दिवशी तुळजाबाई आल्या. पाळणा तयार होता. त्यांनी नखानं माझ्या रेषा टोकापर्यंत तपासल्या.

"कापून बाक काढला न्हाईस ना? कापलेलं टिकत न्हाई."

"न्हाई काकू. अख्खं लाकूड वाकवलंय. रेषा बघा की, बाकासंगं वळल्यात."

"मग हलवून दाखव."

चंद्रप्पा खाली बघत म्हणाला, "रिकामा पाळणा हलवत न्हाईत, काकू."

तेव्हा मला कळलं. त्यानं ऐकलं होतं.

"लई शास्त्र शिकवाया लागलास मला!" तुळजाबाई हसल्या. समोरच्या घरातून त्या वरवंटा घेऊन आल्या. बारशाला बाळाच्या आधी वरवंटाच तर पाळण्यात घालतात. "घे, हे तुझं पहिलं लेकरू. झोपव."

पहिला झोका गेला. दुसरा गेला. मी जीव खाऊन धरून होते. मग मनात आलं, आज धरलं तर उद्या यात खरं बाळ असेल. मी सोडून दिलं. काडकन चीर उघडली, पाळणा कलला आणि वरवंटा घरंगळत चंद्रप्पाच्या पायाशी गेला.

तुळजाबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "आन् लेकरू असतं म्हंजे?"

"आवाज आल्ता मला, काकू. बारसं जवळ आल्तं. वाटलं, धरंल."

बारसं झोळीत झालं. पंधरा दिवसांनी माझ्या जागी दुसरी पट्टी लागली. तिच्या पोटात काय आहे, मला माहीत नाही. तुळजाबाईंनी तिला मात्र तीनदा वरवंट्यानं तपासलं, मगच पाळणा नेला.

मी दुकानाच्या कोपऱ्यात पडून आहे. आज सकाळी चंद्रप्पानं मला उचललं, चिरेत फुंकर मारली आणि डिंकाच्या डब्याकडं पाहिलं. कुणा म्हाताऱ्याला डुलती खुर्ची हवी आहे म्हणे. त्याचा चेहरा अगदी साधा होता, त्या 'कट्'नंतर पुन्हा आवळताना होता तसाच. साध्या चेहऱ्याचीच मला भीती वाटते.

चंद्रप्पा, बाभळीचा जाळ चांगला होतो. मला चुलीत घाल. चिकटवू नको.