हरणाऱ्यानं जायचं

"सांगितलं तर तुम्हाला खरं वाटायचं नाय," असं म्हणत कुशाबाने पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर नव्या तांदळाची पिशवी बाकाखाली सरकवली आणि श्रीपतच्या हातून चहाची बशी घेतली. "दिवाळीतल्या आमच्या डावाला आंबेनळी घाटातला बिबट्या येऊन बसला होता. पडवीत. डाव संपेस्तोवर शेपटी हलवली नाय त्यानं."

"चहा घेतला का त्यानं?" चहावाल्या श्रीपतने विचारलं.

"बिनसाखरेचा."

बाजूला कुशाबाची शेजारीण बयाबाई काकड्यांची पाटी घेऊन बसली होती.

सयाजीशी कुशाबाचा सोंगट्यांचा डाव जन्माचा. नियम एकच: हरेल त्याने पुढच्या डावाला जिंकणाऱ्याच्या घरी जायचं. आजवर दोघांच्या घरांमधे नुसता ओढा होता. पण दिवाळी झाली की सयाजीला त्याचा मुलगा मुंबईला नेणार होता. म्हणजे सयाजी हरला, तरच पुन्हा गावी येणार.

कुशाबा समोरचा माणूस बघून खेळे. पक्का असला तर सोंगट्या जोडीने चालवून मुकाट घर गाठायचं. कच्चा असला तर मारामारी काढायची, डाव गुंतवायचा. तो आपणच चुकतो.

"सयाजी पक्का," कुशाबा म्हणाला. "पण त्या दिवशी कवड्या टाकल्या तरी धाप लागत होती त्याला. विहिरीवरून पडवीत येताना दोनदा खाली बसला. म्हटलं, आज हा कच्चा. काढली मारामारी. शेवटी त्याची एक सोंगटी उघडी, माझी दोन घरं मागं. दोन पडले की सयाजी हरला."

"पडले?"

"दोनच पडले. बिबट्यानं डोळे मिटले."

"मग, मारली?"

कुशाबाने बशीत फुंकर घातली. चहा केव्हाच निवला होता.

"मारली तर. आता येतोय बघ, माझ्या पडवीत."

मुंबईची गाडी येऊन लागली. महाडला डोळे दाखवायला चाललो, असं सकाळी वाडीत सांगून निघालेल्या कुशाबाने वाकून पिशवी ओढली.

बयाबाईने पाटीतल्या दोन काकड्या उचलून त्याच्या पिशवीत घातल्या.

"महाडच्या दोन गाड्या सोडल्यात, भावजी," ती म्हणाली. "ती सोंगटीही तशीच सोडलीत."