पुस्तकं कोणाच्या नावावर

समज, बाहेर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराचा पाऊस कोसळतोय आणि तू सोफ्यावर पाय दुमडून पुस्तक वाचायला घेतलं आहेस. कागदाचं नव्हे. इथल्या दमट हवेत कागदाची पुस्तकं पावसाळा संपेपर्यंत बुरशीने हिरवी होतात. तुझ्या हातात ई-रीडर आहे, पाटीसारखा पातळ, आणि त्याच्या पोटात सगळं कपाट. पान उलटायला तुझं बोट टेकतं, आणि कपाट रिकामं. एकही पुस्तक नाही. चोर आलेला नाही, यंत्र बिघडलेलं नाही. दूर पुण्यात कोणीतरी एक बटण दाबलं, एवढंच. काय करशील? रडशील?

चित्रलेखा रडली नाही. तिने सूड घ्यायचं ठरवलं.

चित्रलेखा, घरच्यांची चित्रा, म्हणजे तुला रोज दिसते आणि कधीच लक्षात राहत नाही अशी बाई. डार्विनच्या हॉस्पिटलात वॉर्ड क्लार्क. आलेल्या पेशंटचं नाव कॉम्प्युटरवर चढवायचं, गेलेल्याचं उतरवायचं. घरी आली की रीडर घेऊन बसायची. मराठी पुस्तकं त्या रीडरच्या ऑनलाइन दुकानात भारतातल्या खात्यावरच मिळत, म्हणून तिचा भाऊ यतिन म्हणाला होता, "कशाला दोन दोन खाती? माझ्याच नावावर टाक तुझं यंत्र." त्याच खात्यावर आईचाही रीडर होता. दोघी मायलेकी एकच कपाट वाचायच्या. पुण्यात आईने एखाद्या ओळीखाली रेघ मारली की ती इथे उमटायची. चित्रा त्याखाली काहीतरी खरडायची, दुसऱ्या दिवशी आईचं उत्तर हजर. फोनवर दोघींना बोलायला फारसं सुचत नसे. पुस्तकात मात्र भांडणंसुद्धा व्हायची.

मग आई गेली. महिन्याच्या आत यतिनने तिची कागदाची पुस्तकं रद्दीत घातली. चित्राने फॅमिली ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, "दादा, तुला आईपेक्षा रिकामी भिंत प्यारी." त्याने खात्यावरून तिचं यंत्र काढून टाकलं. पुस्तकं गेली, आणि आईच्या रेघाही गेल्या.

तिने फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "खातं माझं आहे. कपाट माझं."

तेव्हापासून चित्रा पुस्तक आपलं कसं राहील ते चिकाटीने शिकली. मुलीसाठी, मैथिलीसाठी, तिने दुसऱ्या कंपनीचा रीडर घेतला. त्यावर जुन्या दुकानाची पुस्तकं उघडेनात, कारण दुकानाने त्यांना आपलंच कुलूप घातलेलं. मग तिने एक लहानसा प्रकाशक शोधला. तो स्वतःच्या साइटवर बिनकुलपाची फाइल विकतो, कुठल्याही रीडरवर चालते.

"पुस्तक घेण्याआधी विचारायचं," ती मैथिलीला सांगायची, "हे दुसऱ्या यंत्रावर उघडेल का? आणि दुकानदार रुसला तर माझ्याकडे राहील का?"

"मम, यू'व टोल्ड मी लाइक अ हंड्रेड टाइम्स."

"अजून सांगेन."

पण आईच्या रेघा कुठल्याच दुकानात विकत मिळत नव्हत्या. त्या यतिनकडे अडकून पडल्या होत्या, आणि चित्राचा राग तिथेच अडकून पडला होता.

एका शनिवारी दुपारी तिच्या ईमेलवर एक कोड आला. पाठोपाठ फोन वाजला. इतक्या महिन्यांनी, आणि 'कशी आहेस' सुद्धा नाही.

"चित्रा, कोड आला असेल बघ. सांग पटकन."

"कसला कोड?"

"अगं, नवा फोन घेतला. पुस्तकांच्या खात्याचा पासवर्ड आठवत नाहीये. ईमेल तुझाच टाकलाय ना तू तिथे."

चित्राला आता आठवलं. पुण्याला सुट्टीवर गेली असताना तिनेच ते खातं उघडून दिलं होतं. दादा मॅच बघत होता, त्याचा ईमेल विचारला तर "टाक गं तुझाच, तात्पुरता," म्हणाला. ती विसरली, तोही विसरला. इतके दिवस किल्ली तिच्याच घरात होती!

"प्लीज म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"प्लीज म्हण, दादा."

"लहान आहेस का तू? ...बरं. प्लीज."

"आता म्हण, कपाट एकट्या माझं नाही."

"नाटकं पुरे हं, चित्रा. इथे सकाळपासून माझी तनया..."

तिने फोन कापला. आपल्या लॅपटॉपवर स्वतःसाठी नवा कोड मागवला, आत शिरली, पासवर्ड बदलला. आधी स्वतःचा रीडर जोडला. पुस्तकं एकामागून एक परत उतरली. तिने घाईने एक उघडलं. त्यात आईची रेघ होती, आणि रेघेखाली आईचं वाक्य: 'हे खोटं. आमटीत एवढा गूळ कोणी घालत नाही.' चित्राने डोळे पुसले.

मग तिने यंत्रांची यादी उघडली. 'यतिनचा फोन.' काढला. 'आईचा रीडर.' इथे तिचा हात जरासा थांबला. पण आईच नाही, तर तो वाचणार कोण? रद्दीवाल्याच्या पोत्यात गेला असेल तोही. 'नक्की काढायचं?' असं पडद्याने विचारलं. वॉर्डातलं नाव उतरवताना दाबते तसं तिने 'हो' दाबलं.

सूड गोड असतो रे. खोटं कशाला सांगू? तिने आलं ठेचून चहा केला आणि खूप महिन्यांनी तो गरम असताना संपवला. टेबलावर फोन थरथरत होता. दादा, दादा, पुन्हा दादा. ती बघत बसली. त्यालाही कळू दे, रिकामं कपाट कसं दिसतं ते.

इतक्यात मैथिलीच्या टॅबवर पुण्याहून निरोप आला. मामेबहीण तनयाचा, रडका आवाज.

"मैथिली, आजीचा रीडर रिकामा झाला गं. मी काहीच नाही केलं, शप्पथ. रोज आजीच्या पुढच्या रेघेपर्यंत वाचायचे मी. आता बाबा मलाच ओरडतायत, तूच काहीतरी दाबलंस म्हणून."

मैथिलीने आईकडे पाहिलं.

"मम. डिड यू डू दॅट?"

"त्याने आधी केलं."

"टु यू. तनयाने काय केलं?"

"मला काय माहीत तिच्याकडे आहे तो! तिच्या बापाला एक ओळ लिहू दे. सॉरी म्हणू दे. त्याच क्षणी जोडून देते."

"अँड इफ ही डझन्ट?"

चित्राने रिकामा कप उचलला, परत ठेवला. फोन पुन्हा थरथरला. तिने तो उलटा करून ठेवला.

मैथिलीने वाद घातला नाही. ती सोफ्यापाशी आली, आईच्या मांडीवरचा रीडर न विचारता उचलला, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर बसून तनयाला व्हिडिओ कॉल लावला.

"रडू नको. तू नाही केलं. कुठपर्यंत आली होतीस?"

"ती स्वयंपाकघरातली भांडणं आहेत ना, तिथे."

मैथिलीने पान शोधलं. मराठी वाचायला तिला अजून धड येत नव्हतं. जोडाक्षराला ती अडखळायची, परत मागे जायची. तरी बोट ठेवून ठेवून वाचू लागली. पुण्यात तनयाचं रडणं हळूहळू थांबलं. पावसाचा आवाज वाढला, तसा मैथिलीनेही आवाज वाढवला.

"थांब, आजीची रेघ आली." तिने रीडर कॅमेऱ्यासमोर धरला. "आ-म-टीत... एवढा गूळ... कोणी घालत नाही."

तनया नाक ओढत हसली. "आणि खाली ते काय लिहिलंय?"

खाली चित्राचं उत्तर होतं, कितीतरी वर्षांपूर्वीचं. मैथिलीने ते आधी मनात वाचलं, मग मोठ्याने. "तू घालायचीस, आई. दादाला आवडायचं म्हणून."

सोफ्यावर चित्रा ऐकत होती. मैथिलीने मागे वळून पाहिलं नाही. तिने पडद्यावर बोट टेकवलं आणि पान उलटलं.