कृष्णधवल फलक

मे संपत आला की गुजराती मुलखातल्या आमच्या उधन्यात शाळांच्या फलकांना ऊत येतो. प्रत्येकावर टाय लावलेली गोरीगोमटी मुलं, खाली टक्के. आमच्या मराठी शाळेत पहिलीला यंदा चारच नावं आली होती. शाळा उघडेपर्यंत वीस झाली नाहीत तर वर्ग बंद, असं संस्थेने मुख्याध्यापिका सुलभाबाईंना बजावलं होतं.

"आपणही रंगीत फलक लावू या," बाई म्हणाल्या.

मी तिथे चित्रकला शिकवतो, आणि या शहरात रंगांची जाण मला एकट्यालाच आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. मी म्हणालो, "सगळे ओरडत असतात तिथे गप्प बसणाऱ्याकडेच लोक बघतात."

पांढरी पार्श्वभूमी. मधोमध आमचा माजी विद्यार्थी रोहित महाजन, कृष्णधवल. लूमवर राबणाऱ्या सुकलालचा मुलगा, आता बँकेत मॅनेजर. फोटो त्यानेच हौसेने पाठवला होता. खाली नाव आणि एकच ओळ : 'शाळेला तुझा अभिमान आहे.' फलक छापणाऱ्या महेशने विचारलं, "सर, कोपऱ्यात दिवा टाकू का?" साधेपणा तुला कळायचा नाही, असं मी त्याला सुनावलं.

संध्याकाळी फलक फाटकावर लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या कपड्यांतली माणसं येऊ लागली. बहुतेक माजी विद्यार्थी, कुणाकुणाच्या आया. शेजारच्या चाळीतल्या उषाबाई डोळ्यांना पदर लावून बाईंना म्हणाल्या, "काय व्हयनं वं माय त्याले? भलता गुणी पोऱ्या व्हता."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे कृष्णधवल फोटो कुणाचा लागतो, हे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मी बाईंकडे पाहिलं. त्या सांगायला तोंड उघडणार, तोवर कुणीतरी अंथरलेल्या सतरंजीवर बसलेल्यांपैकी एकजण बोलू लागला. या शाळेनं आम्हाला माणसात आणलं, म्हणाला. दुसरा म्हणाला, असं शिक्षण आता कुठे मिळत नाही. बाई ऐकत राहिल्या. इतकं चांगलं त्यांच्या शाळेबद्दल बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

एवढ्यात रोहित स्वतःच धापा टाकत आला. सकाळपासून त्याच्या घरचा फोन थांबला नव्हता. उषाबाईंनी दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपला आणि पाठीत एक धपाटा घातला. सगळे हसले, मग माझा यथेच्छ उद्धार झाला. तो व्हायलाच हवा होता.

हसू ओसरायच्या आत बाईंनी विचारलं, "पहिलीत जाणारं मूल कुणाकडे आहे?"

एकाने मार्चमध्येच दुसरीकडे फी भरली होती. एकाची बायको ऐकत नव्हती. बाकीच्यांना एकदम कामं आठवली.

"रोहित, तुझी मुलगी?"

"तिचं झालं बाई." तो सतरंजीकडे बघत होता. "इंग्लिश मीडियमला."

मला त्याचा संताप आला. फलकावर मी त्याला किती देखणा केला होता.

माणसं चपला शोधायला उठली. बाईंनी आवाज चढवला नाही.

"आलाच आहात तर बसा थोडं," त्या म्हणाल्या. "पहिली गेली आपली."

आधी उषाबाई खाली बसल्या, मग रोहित, मग बाकीचे.