चिऊचा ओठ आणि रविवारचा शंख

जरा कल्पना करा. जिभेचं टोक खालच्या ओठाच्या आतून हळूच फिरवा. किती मऊ, किती ओलं लागतं! आता समजा, नेमक्या त्याच जागी मसुराच्या डाळीएवढा खड्डा पडलाय. मधे पांढरट, कडेने लालभडक. साधं पाणी प्यायलं तरी तिथे झोंबतं.

मध्य प्रदेशातल्या धारच्या चिऊला अगदी तसंच झालं होतं. आणि रविवारी मराठी मंडळाच्या गणपतीपुढे शंख वाजवायचा होता तिनेच. एवढ्या लहान मुलीला हा मान पहिल्यांदाच मिळाला होता. पण शंख ओठाला टेकला की डोळ्यांत पाणी यायचं आणि आवाज निघायचा नुसता फुस्स.

"टेन्शन मत ले," तिचा चुलतभाऊ पियुष म्हणाला. "तू शंख धरून उभी राहा. मागून मी मोबाइलवर वाजवतो."

"तू गप रे," चिऊ ओठ न हलवता म्हणाली.

तिच्या आजोबांना सगळे बापू म्हणत. त्यांनी तिला खिडकीपाशी बसवलं, टॉर्च लावला आणि ओठ हलकेच उलटा केला.

"मांडूहून आणलेली ती खुरासानी चिंच कोण चघळत होतं दिवसभर?"

चिऊने पियुषकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे.

"आंबटाने सोलवटलं असेल. वर ओठही चावला गेलाय, हा बघ दाताचा व्रण. कधी ब्रश लागून होतं, कधी जागरणाने, कधी खाण्यात काही कमी पडलं तरी होतं. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या कर. मऊ, गार जेवायचं. तिखट, आंबट बंद. ताप आला किंवा दोन आठवड्यांत भरलं नाही, तर डॉक्टरांकडे जायचं."

चिऊने मन लावून गुळण्या केल्या. तरी फोड तसाच राहिला. रविवार पाच दिवसांवर आला, तेव्हा बापू मुद्दाम तिच्या जेवणाशी येऊन बसले. लतिकाआत्याने पानात वरणभात वाढला, तूप सोडलं आणि वरून मूठभर सेव भुरभुरली.

"लतिका, हे काय?"

"काय म्हणजे? सेव."

"तिचं तिखट बंद केलंय ना?"

"मग तिखट कुठे देतेय मी? मिरची नाही, चटणी नाही, लोणचं नाही."

"अगं, या सेवमध्ये लवंग आहे, लाल तिखट आहे."

आत्या डबा हातात धरून उभीच राहिली. "अरे देवा. ती तर मी तिखटात धरलीच नाही. सकाळी पोह्यांवरही घातली."

"और कल दूधभात पे भी," पियुष म्हणाला.

सेव बंद झाली. मग रोज सकाळी बापू टॉर्च धरत आणि चिऊ आरशात बघे. पहिल्या दिवशी कडेची लाली फिकी झाली. दुसऱ्या दिवशी खड्डा उथळ वाटला. पुढे तो कडेकडून आत आत भरत आला, जणू कुणी अगदी बारीक टाक्यांनी शिवत होतं.

"बापू, कोण करतंय हे?"

"तूच. तोंडातली जुनी कातडी सारखी झडते आणि खालून नवी येते. हाताला खरचटलं तर भरायला वेळ लागतो, तोंडातलं त्याहून लवकर भरतं. तू शाळेत असतेस, झोपलेली असतेस, तरी काम चालूच."

"मला न विचारता?"

"न विचारता. तुझी लाळही मदत करते. आपण फक्त मधे मधे करायचं नाही."

चिऊ आरशापासून हललीच नाही. तिच्या आत कुणीतरी इतकं शहाणं राहतं, हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं. एरवी बडबड करणारा पियुषही टॉर्चच्या उजेडात वाकून गुपचूप बघत राहिला.

रविवारी आरतीची वेळ झाली. मंडप भरला. फोडाच्या जागी आता फक्त एक लाल ठिपका उरला होता. सगळ्यांच्या नजरा चिऊकडे वळल्या. पियुषने हळूच विचारलं, "दुखेल का गं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. तिने शंख उचलला, ठिपक्यावर दाब येणार नाही असा जरासा डावीकडे सरकवला, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकला. या वेळी फुस्स झालं नाही; शंखाचा आवाज मंडपभर घुमला.