त्रैक्याच्या अलीकडे

कुंदन पारधे सोळा वर्षं नाशिकच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. द्वारका चौकाच्या मागे, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमध्ये दबलेलं चर्च. साठ-सत्तर घरं, सगळी नावानिशी माहीत.

चार वर्षांपूर्वी ईस्टरआधीच्या उपवासकाळात चर्चच्या पंच कमिटीनं बुधवारच्या वर्गासाठी त्यांना विषय दिला : त्रैक्य नाकारणारे आणि त्यांचं खंडन. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही मंडळीची मूळ शिकवण. ती न मानणारे ख्रिस्ती कोण होते, कुठं चुकले, हे लोकांना कळावं एवढाच हेतू.

पारधे वाचायला बसले. अलेक्झांड्रियाचा एरियस. स्पेनचा सर्व्हेटस, ज्याला जिनिव्हात त्याच्या पुस्तकासकट जाळलं. ट्रान्सिल्व्हेनियाचा फ्रान्सिस डेव्हिड, जो म्हातारपणी किल्ल्यातल्या कोठडीत मेला. आणि कलकत्त्याचा मिशनरी विल्यम अ‍ॅडम. राममोहन रॉय यांच्याबरोबर शुभवर्तमानांचं भाषांतर करता करता त्याचंच मत बदललं आणि बरोबरचे मिशनरी दुरावले. ही टवाळखोर माणसं असतील असं पारध्यांना वाटलं होतं. निघाली ती बायबल छातीशी धरून बसलेली. तीन बुधवार त्यांनी खंडन लिहिलं. चौथ्या बुधवारी लिहायला बसले आणि लिहिताच येईना. देव एकच, येशू त्यानं पाठवलेला; आपणही बरीच वर्षं मनातून एवढंच मानत आलो, हे त्यांना त्या टेबलाशी कळलं.

त्यांनी कमिटीला सांगून टाकलं. सेक्रेटरी रावजी साळवे भला माणूस. म्हणाला, "साहेब, मनात काही असू द्या. रविवारी विश्वासाचा मतांगीकार तोंडानं म्हणत राहा. कोण विचारतंय?"

"मला ऐकू येतं ना," पारधे म्हणाले.

राजीनामा दिला, पाळकाचं घर सोडलं, आणि पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या पेट्यांवर देखरेखीचं काम धरलं. बायको सुवर्णा चर्चला जातच राहिली. रविवारी ते तिला फाटकापाशी सोडायचे आणि समोरच्या टपरीवर चहा घेत आतली गाणी ऐकायचे. उपदेशाची त्यांना फारशी आठवण येत नसे. आठवण यायची ती प्रभुभोजनाची, रांगेनं पुढे येणाऱ्या तळव्यांची. भाकरीचा तुकडा ठेवताना ते वर पाहतही नसत. झेंडूनं पिवळट झालेला तळवा रंगूबाईचा, ग्रीसनं काळवंडलेला वाळू नावाच्या ड्रायव्हरचा. आता दिवसभर हातात पेट्या असायच्या, आणि तरी हात रिकामे वाटायचे.

या फेब्रुवारीत एका संध्याकाळी नवे पाळक अश्विन त्यांच्या दारात आले. तिशीतला माणूस, अवघडून उभा.

"सर, मखमलाबादच्या रंगूबाई पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालंय. दोनदा प्रभुभोजन घेऊन गेलो, पण माझ्या हातून घेत नाहीत. पारध्यांना आणा म्हणतात."

"मला देता येणार नाही."

"माहीत आहे. समजूत घालायला तरी चला."

दुसऱ्या दिवशी दोघं अश्विनच्या मोटरसायकलवर गेले. रंगूबाई पंचाहत्तरीची, फुलं विकून तीन मुलं वाढवलेली बाई. ओसरीतल्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. पारध्यांना पाहून तिनं पदर सारखा केला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"रंगूबाई, अश्विनसाहेबांच्या हातून घ्या. ते आता तुमचे पाळक आहेत."

"अन् तुमी कोन हाय?"

पारधे स्टुलावर बसले. आपलं मत सांगायला हवं असं त्यांना वाटलं. "मी येशूला प्रभू मानतो. पण देव एकटा पिताच, असं मला वाटतं. म्हणून…"

"ते मला वाळू डायवरनं सांगितलं. मला त्यातलं काय कळत नाय." ती वळली. डोळे भरले होते. "राजीनामा पंचाला दिला तुमी. माझ्या धन्याला मातीत ठेवलं, पोरांची लग्नं लावली. अन् जाताना मला सांगितलं का? एका रविवारी आले अन् दुसऱ्या रविवारी नाय. मी हात पुढं केला तर समोर दुसराच मानूस."

पारध्यांनी स्टूल खाटेजवळ ओढलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "निरोप घ्यायचा म्हणजे तुमच्याकडं बघावं लागलं असतं. मग जाता आलं नसतं."

रंगूबाईनं नाक पुसलं. मग ती अश्विनला म्हणाली, "द्या तुमी. पन आधी ह्यांनी प्रार्थना म्हनायची."

"कुठली?" पारध्यांनी विचारलं.

"प्रभूनं शिकवलेली. ती तरी चालती ना तुमाला?"

पारध्यांनी स्वर्गातल्या पित्याची ती प्रार्थना सुरू केली. तिच्यातला एकही शब्द त्यांना गाळावा लागला नाही. रंगूबाईनं ओठ हलवले, अश्विननं शेवटी आमेन म्हटलं. मग त्यानं पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं भाकर मोडली, तिच्या तळव्यावर ठेवली, द्राक्षरसाचा प्याला ओठांना लावला.

ताटलीत तुकडे उरले होते. अश्विन वळला तेव्हा पारध्यांचे हात आपोआप एकावर एक येऊन पुढे झाले होते.

"घेता, सर?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं.

पारध्यांनी ताटलीकडं पाहिलं. घ्यावंसं फार वाटलं. पण ज्या शब्दांनी भाकर मोडली ते आपले नव्हेत, आणि त्यांच्यावर गप्प राहून हात भरून घेणं म्हणजे रावजीचाच सल्ला चार वर्षांनी मानणं. शिवाय या पोराला उद्या कमिटीपुढं जाब द्यावा लागला असता.

"नको," ते म्हणाले आणि हात मागे घेतले.

रंगूबाई ते पाहत होती. "गुरुवारी सुट्टी असती ना तुमाला?" तिनं विचारलं. "मग येत जा. नुसतं बसायला."

घरी सुवर्णानं जेवायला वाढता वाढता विचारलं, "घेतलंत?"

"नाही. हात मात्र पुढं गेले होते."

तिनं त्यांच्या ताटात भाजी वाढली. मग म्हणाली, "रंगूबाई चालतील का पुन्हा?"

"पावसाळ्यापर्यंत चालतील म्हणतात," पारधे म्हणाले. "गुरुवारी जाणार आहे. तूही चल."